करार सहा वर्षांचा, मुक्काम दहा महिन्यांचा

२०२४च्या मे महिन्यात मँचेस्टर युनायटेडने प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचा, हंगाम आठव्या क्रमांकावर संपवला आणि आठवडाभरातच वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला २-१ असं हरवून एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. मॅनेजर एरिक टेन हाग यांना ठेवावं की घालवावं, हे क्लबला काही ठरवता येईना. इतर प्रशिक्षकांशी बोलणी झाली, ती फिसकटली. मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लबने टेन हाग यांचा करार एक वर्षाने वाढवून २०२६पर्यंत नेल्याचं जाहीर केलं. २८ ऑक्टोबरला त्यांना नारळ दिला. तोवर लीगचे अवघे नऊ सामने झाले होते.

टेन हाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोकळं करायला १ कोटी ४ लाख पौंड लागले. त्यांच्या जागी रुबेन अमोरिम यांना आणायचं म्हणून स्पोर्टिंग लिस्बनला सुमारे १ कोटी १० लाख युरो मोजले. मुदतवाढीच्या वेळी क्लबमध्ये नव्याने आलेले क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ डिसेंबरमध्ये गेले, त्यांच्यासाठी आणखी ४१ लाख पौंड. जानेवारी २०२६मध्ये अमोरिम यांचीही गच्छंती झाली.

याच काळात क्लबने सुमारे २५० जणांच्या नोकऱ्या घालवल्या आणि २०२५च्या फेब्रुवारीत आणखी २०० जणांपर्यंत कपात होईल असं सांगितलं. कर्मचाऱ्यांचं मोफत जेवण बंद करून त्याऐवजी फळं ठेवली. हंगाम निम्म्यावर असताना उरलेल्या सामन्यांसाठी क्लबच्या सदस्यांना मिळणाऱ्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, तोही मुलांची आणि ज्येष्ठांची सवलत काढून. एक कोटीची भरपाई दिली नसती तर या लोकांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. क्लबचा तोटा जुना आहे आणि त्याची कारणंही अनेक आहेत. पण स्वयंपाकघरातल्या माणसाकडे पाहताना प्रत्येक पौंड मोजणारी व्यवस्था जुलैतल्या त्या सहीपाशी इतकी सैल कशी होते, हे विचारायलाच हवं.

टेन हाग यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. कराराने देऊ केलेले पैसे त्यांनी घेतले, ते त्यांच्या हक्काचे होते. माझा आक्षेप लांब करारांच्या या पद्धतीला आहे. मॅनेजरला वेळ मिळावा आणि क्लबला स्थैर्य लाभावं म्हणून आपण हे करार करतो, असं क्लब सांगतात. प्रत्यक्षात या करारांतून वेळही मिळत नाही आणि स्थैर्यही येत नाही. मॅनेजर बदलायची वेळ आली की किती पैसे जातील, एवढंच त्यातून पक्कं होतं. आणि क्लबतर्फे सही करणाऱ्याच्या खिशातून त्यातला एक पौंडही जात नाही.

डेव्हिड मॉयेस यांना युनायटेडने २०१३मध्ये सहा वर्षांचा करार दिला. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या साडेसव्वीस वर्षांनंतर पुन्हा तसाच दीर्घ पल्ला सुरू होतोय, असं तेव्हाचं वातावरण होतं. पुढच्या एप्रिलमध्ये, दहा महिन्यांत, मॉयेस घरी. ग्रॅहम पॉटर चेल्सीत पाच वर्षांच्या करारावर आले आणि ३१ सामन्यांनंतर गेले. युलियान नागेल्समान यांना बायर्न म्युनिकने २०२१मध्ये लाइपझिगकडून भरपूर रक्कम मोजून पाच वर्षांसाठी आणलं, मार्च २०२३मध्ये काढलं आणि त्या सप्टेंबरात ते जर्मनीचे राष्ट्रीय प्रशिक्षक होईपर्यंत ते बायर्नच्याच पगारावर होते. यांतल्या एकाही करारातल्या वर्षांनी मालकाचा हात धरला नाही.

उलट बाजूची उदाहरणंही हेच सांगतात. युर्गन क्लॉप यांना लिव्हरपूलने जुलै २०१६मध्ये, एकही करंडक जिंकलेला नसताना, सहा वर्षांचा करार दिला आणि तो शंभर टक्के सार्थ ठरला. २०२१च्या सुरुवातीला ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर लागोपाठ सहा लीग सामने हरले, तरी त्यांच्या पदाला धक्का लागला नाही. कराराने त्यांना वाचवलं का? नाही. त्यांना काढण्याचा विचारच मालकांच्या मनात नव्हता. आर्सेनलने मिकेल आर्तेता यांना दोन हंगाम आठव्या क्रमांकावर राहूनही ठेवलं, त्यामागेही कागदावरची वर्षं नव्हती, निवडीवरचा विश्वास होता. पेप ग्वार्डिओला तर बार्सिलोनात सुरुवातीच्या दोन वर्षांच्या करारानंतर एकेका वर्षाचीच मुदतवाढ घेत राहिले. आधुनिक फुटबॉलमधला सर्वांत प्रभावी संघ ज्या माणसाच्या हाताखाली घडला, त्याचा करार दर वर्षी संपायला आलेला असे. ड्रेसिंग रूममध्ये त्याचं कोणी ऐकेनासं झालं, असं काही घडलं नाही.

हा ड्रेसिंग रूमचा मुद्दा मुदतवाढीच्या बाजूने हमखास पुढे केला जातो. करार संपत आलेल्या मॅनेजरला खेळाडू जुमानत नाहीत, म्हणून हंगामाआधी तो वाढवून टाकावा. पण खेळाडूंना मॅनेजरची खुर्ची डळमळीत झाल्याचं कळतं ते मालकाच्या चेहऱ्यावरून, वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून आणि सहाय्यकांच्या कुजबुजीवरून. टेन हाग यांच्या जागी दुसरा माणूस शोधला जात होता, हे त्या उन्हाळ्यात जगाला माहीत होतं. त्यानंतरच्या एका वर्षाच्या वाढीने कोणत्या खेळाडूच्या मनातली शंका फिटली असेल?

मुदतवाढ ही मला मूळ करारापेक्षाही घातक वाटते. पहिल्यांदा नेमणूक करताना क्लबच्या हातात पत्ते कमी असतात. हवा असलेला माणूस दुसरीकडे नोकरीत असतो, त्याला ओढायचं तर काहीतरी द्यावं लागतं. मुदतवाढीच्या वेळी तशी कोणतीच निकड नसते. संघ चार महिने छान खेळलेला असतो, लोक खूश असतात, आणि त्या आनंदात कालच्या कामगिरीचं बक्षीस उद्याच्या पगाराच्या रूपात दिलं जातं. क्लॉदिओ रानिएरी यांनी लेस्टरला २०१६मध्ये लीग जिंकून दिली. फुटबॉलच्या इतिहासात तोड नसलेली ती गोष्ट. त्याबद्दल त्या माणसाला भरघोस बोनस द्यावा, त्याचा पुतळा उभारावा, सगळं योग्य. लेस्टरने ऑगस्टमध्ये चार वर्षांचा नवा करार दिला आणि फेब्रुवारीत त्यांना काढलं. झोसे मोरिन्यो यांचा करार युनायटेडने जानेवारी २०१८मध्ये वाढवला आणि डिसेंबरमध्ये त्यांना निरोप दिला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या भरपाईपोटी क्लबच्या हिशेबात १ कोटी ९६ लाख पौंड पडले. ओले गुन्नार सोल्शार यांना जुलै २०२१मध्ये तीन वर्षं मिळाली, वॉटफर्डने ४-१ असं हरवल्यावर नोव्हेंबरात ते बाहेर. टेन हाग धरून एकाच क्लबने साडेसहा वर्षांत तीनदा तीच चूक केली, आणि तिन्ही वेळा तिची किंमत क्लबच्या तिजोरीतून गेली.

लांब कराराच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मोठा क्लब आपला मॅनेजर पळवायला आला, की उरलेल्या वर्षांची किंमत छोट्या क्लबच्या पदरात पडते. चेल्सीने पॉटर यांना नेलं तेव्हा ब्रायटनला दोन कोटी पौंडांहून अधिक मिळाल्याचं सगळीकडे छापून आलं होतं. ॲलन पार्ड्यू यांचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. न्यूकॅसल २०१२मध्ये पाचवं आलं आणि क्लबने सप्टेंबरात पार्ड्यू यांना तब्बल आठ वर्षांचा करार दिला, सहाय्यकांनाही तितकाच. त्याच हंगामात संघ सोळाव्या क्रमांकावर घसरला. २०१४मध्ये त्यांना काढा म्हणून चाहते फलक घेऊन स्टेडियममध्ये येत होते. क्लब ढिम्म. शेवटी डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसने स्वतःहून मागणी घातली, भरपाई दिली आणि आठातली सव्वादोन वर्षं करून पार्ड्यू गेले. हिशेबाच्या वहीत न्यूकॅसलचा फायदाच झाला. पण तो दुसऱ्या कुणाला पार्ड्यू हवे होते म्हणून झाला. पॅलेसचा फोन आला नसता तर आठ वर्षांच्या ओझ्याखाली क्लब आणखी किती काळ हलू शकला नसता, हा प्रश्न उरतोच. लांब कराराचा हा तोटा ताळेबंदात दिसत नाही. काढायला परवडत नाही म्हणून न काढलेला मॅनेजर, आणि त्याच्याबरोबर वाया गेलेला हंगाम, याची नोंद कुठल्या खात्यात करणार?

शिवाय हे दोन हेतू वेगळे करता येतात. मॅनेजर स्वतः सोडून गेला तर नव्या क्लबने किती द्यायचं आणि क्लबने त्याला काढलं तर क्लबने किती द्यायचं, या दोन रकमा एकाच करारात वेगवेगळ्या लिहायला कुणाची आडकाठी नाही. पळवापळवीपासून संरक्षण हवं म्हणून काढण्याची किंमतही तितकीच फुगवली पाहिजे, असं काही नाही.

मुदतीच्या कराराचं गणित सोपं आहे. मधेच तोडण्याबद्दल करारात काही लिहिलेलं नसेल, तर साधारणपणे उरलेल्या मुदतीचा पगार देणं लागतं. मॅनेजरला मधल्या काळात दुसरी नोकरी मिळाली तर तिथली कमाई त्यातून वजा होऊ शकते. फिफाने २०२१पासून प्रशिक्षकांच्या करारांसाठी स्वतंत्र नियम केले, त्यांचंही सूत्र हेच आहे. म्हणजे सगळा खेळ त्या एका कलमाचा, जे करारात असतं किंवा नसतं. आणि ते नसलं, किंवा असूनही क्लबला भांडायची खुमखुमी आली, की काय होतं ते चेल्सीने दाखवून दिलं. अँतोनियो कॉन्ते यांनी २०१७मध्ये लीग आणि २०१८मध्ये एफए कप जिंकून दिला. जुलै २०१८मध्ये, कराराचं एक वर्ष शिल्लक असताना, चेल्सीने त्यांना काढलं. डिएगो कॉस्ता या खेळाडूला संघात तुझी गरज नाही असा मोबाइलवर संदेश पाठवून कॉन्ते यांनी क्लबचं नुकसान केलं, म्हणून आम्ही भरपाई देणं लागत नाही, असा क्लबचा पवित्रा होता. लवादाने तो फेटाळला. कॉन्ते, त्यांचे सहकारी आणि वकील यांच्यापायी चेल्सीच्या हिशेबात २ कोटी ६६ लाख पौंडांचा खर्च नोंदला गेला. एका उरलेल्या वर्षासाठी!

याच्या अगदी उलट उदाहरण केव्हिन कीगन यांचं. २००८मध्ये ते न्यूकॅसलला मॅनेजर म्हणून परतले, तो त्या शहरासाठी उत्सव होता. कोणता खेळाडू घ्यायचा याचा अंतिम अधिकार आपला, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. मग क्लबच्या वरच्या मंडळींनी इग्नासिओ गोन्झालेझ नावाच्या, कीगन यांनी कधी न पाहिलेल्या खेळाडूला घ्यायचं ठरवलं आणि मॅनेजरला सांगितलं, यूट्यूबवर बघून घ्या. दोन दक्षिण अमेरिकी एजंटांवर उपकार करण्यासाठी हा सौदा होता, हे पुढे लवादासमोर उघड झालं. कीगन यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला आणि आपल्याला राजीनामा द्यायला भाग पाडलं, असा दावा केला. २००९मध्ये लवादाने तो मान्य केला. क्लबची वागणूक वाईट होती यात शंका उरली नाही. कीगन यांची मागणी अडीच कोटी पौंडांहून जास्त होती. त्यांना मिळाले २० लाख आणि वर व्याज, कारण करारातच तशी मर्यादा लिहिलेली होती. कीगन यांच्यावर अन्याय झाला असं माझं मत आहे आणि ती रक्कम मला त्या अपमानाच्या मानाने तोकडी वाटते. पण रक्कम आधीच ठरलेली असली की क्लब किती सुरक्षित राहतो, हे यातून स्वच्छ दिसतं. मॉयेस यांच्या करारातही चॅम्पियन्स लीग हुकल्यास भरपाई साधारण वर्षभराच्या पगारावर थांबेल, अशी तरतूद असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. सहा वर्षांच्या कराराचा शेवट त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मिळून ५२ लाख पौंडांत झाला. कलम लिहिता येतं, मॅनेजर त्यावर सही करतात, हे सिद्ध झालेलं आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे: काढल्याची भरपाई जास्तीत जास्त एका वर्षाच्या पगाराइतकी असावी, ती दरमहा दिली जावी आणि नवी नोकरी लागली की तिथला पगार त्यातून वजा व्हावा. करार पाच वर्षांचा करा की सात, ही मर्यादा बदलू नये. मुदतवाढीलाही हाच नियम.

यावर पहिली हरकत येईल ती म्हणजे एकट्या क्लबने असं कलम घातलं तर चांगला मॅनेजर शेजारच्या क्लबकडे जाईल. बरोबर आहे, म्हणूनच हे लीगच्या पातळीवर व्हायला हवं. आणि ते क्लबमालकांनी आपापसात ठरवून लादता कामा नये, मॅनेजरांच्या संघटनेशी बसून ठरवायला हवं. कारण दुसरी हरकत त्यांच्या बाजूने आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. मोरिन्यो, कॉन्ते ही नावं आपल्याला दिसतात. खालच्या विभागांत पहिल्यांदाच मॅनेजर झालेले, सात-आठ महिन्यांत काढलेले आणि पुन्हा कधीच ती संधी न मिळालेले अनेक जण असतात. बोर्डाने खेळाडू विकले, मैदान बिघडलं, तीन जण जायबंदी झाले, आणि खापर फुटलं एकावर. अशा माणसाच्या हातात दोन वर्षांचा करार हा एकच आधार असतो. त्याला उघड्यावर टाकणारी सुधारणा मला नको. वर्षभराचा पगार, वेळेवर आणि वकील न लावता मिळणारा, हे त्याच्यासाठी आजच्यापेक्षा चांगलंच ठरेल. आज छोटे क्लब कितीदा रक्कम अडवून धरतात आणि माणूस थकून निम्म्यावर तडजोड करतो.

सहाय्यकांबद्दल तर कोणीच बोलत नाही. मॅनेजर गेला की त्याच्याबरोबर आलेले दोन सहाय्यक, गोलकीपरांचा प्रशिक्षक, व्हिडिओ विश्लेषक अशी सगळी फळी जाते. मुलांची शाळा बदलून, घर हलवून आलेली ही माणसं. त्यांची नावं निवेदनाच्या शेवटच्या ओळीत असतात, कधी तीही नसतात. वरच्या करारांना मर्यादा घालून वाचलेल्या पैशांतून या लोकांना किमान वर्षभराचं संरक्षण देणं कोणत्याही प्रीमियर लीग क्लबला जड नाही.

काढण्यावरच बंदी घालावी का? ब्राझीलने तो प्रयोग केला. २०२१च्या हंगामात तिथल्या सर्वोच्च विभागात एका क्लबला एकदाच प्रशिक्षक काढता येईल असा नियम आला. क्लबांनी "परस्परसंमतीने" वेगळं होण्याची पळवाट काढली आणि पुढच्या हंगामात नियम गुंडाळला गेला. इटलीत काढलेला प्रशिक्षक पगारावर कायम राहतो, त्यामुळे त्यालाच पुन्हा बोलावणं क्लबला स्वस्त पडतं. पालेर्मोने २०१५-१६च्या एकाच हंगामात याकिनी आणि बालार्दिनी या दोघांनाही काढून पुन्हा आणलं. मालकाला काढायचंच असेल तर तो काढणारच. नियमाने त्याला थांबवता येत नाही, पण त्याच्या उतावळेपणाची किंमत कमी करता येते आणि ती लोकांसमोर ठेवता येते.

ही किंमत कुठवर चढू शकते याची कल्पना हवी असेल तर अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलकडे पाहावं. खेळ वेगळा, रोग तोच. टेक्सस ए अँड एम या सरकारी विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना २०१७मध्ये दहा वर्षांचा करार दिला, २०२१मध्ये तो वाढवला आणि २०२३मध्ये त्यांना काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं.

इंग्लंडमध्ये जुलै २०२५मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला आणि क्लबांना परवाना देणारं स्वतंत्र नियामक मंडळ आलं. क्लबच्या पैशाची व्यवस्था तपासणं हे त्याचं मुख्य काम आहे, चाहत्यांशी सल्लामसलत हीही परवान्याची अट आहे. मॅनेजर उद्या गेला तर क्लबवर किती देणं येईल, हा आकडा मंडळाने परवान्याच्या वेळी मागून घ्यावा आणि वार्षिक हिशेबात तो स्वतंत्र ओळीत छापायला लावावा. आज हा खर्च बहुतेकदा वर्षभराने, सहकारी, वकील, संचालक असं सगळं एकत्र करून, एखाद्या गोळाबेरीज रकमेत सापडतो. तोवर सही करणारा अधिकारी अनेकदा दुसऱ्या क्लबात गेलेला असतो.

मुदतवाढीच्या बातमीत तर हा आकडा त्याच दिवशी असायला हवा. नॉटिंगहॅम फॉरेस्टने जून २०२५मध्ये नुनो एस्पिरितो सान्तो यांना २०२८पर्यंतचा करार दिला. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी क्लबचे मालक सामना संपताच मैदानात उतरून त्यांच्याशी हातवारे करत बोलताना साऱ्या जगाने पाहिले होते. ९ सप्टेंबरला, लीगचे तीन सामने झाल्यावर, नुनो गेले. त्यांच्या जागी आलेले अँज पोस्टेकोग्लू ३९ दिवस टिकले. ऑक्टोबर संपायच्या आत क्लब तिसऱ्या मॅनेजरवर आला होता. जूनमधल्या त्या निवेदनात "२०२८पर्यंत" या शब्दांशेजारी काढण्याची किंमत छापलेली असती, तर फॉरेस्टच्या चाहत्यांनी मालकांना तेव्हाच विचारलं असतं, की ज्या माणसाशी तुमचं मे महिन्यात पटत नव्हतं, त्याच्यावर एवढी रक्कम तुम्ही कशाच्या भरवशावर लावताय?